विषय: चाचणी, दुर्लक्ष करावे

मी इशारा बोलतोय. दिसायला म्हणाल तर शे-सव्वाशे ओळींचा एक लहानसा प्रोग्राम. सर्व्हर, म्हणजे सगळं साठवणारा मोठा संगणक, आपल्यात जे जे घडतं ते नोंदवहीत लिहितो आणि ती नोंदवही मी डोळ्यांत तेल घालून वाचतो. कोण आलं, कोण गेलं, काय बंद पडलं. बहुतेक नोंदी म्हणजे नुसती कटकट. एखादी वाईट निघाली की मी ईमेल पाठवतो. एवढंच माझं काम.

माझा जन्म घशाच्या रुग्णालयातला, जिन्याखालच्या खोलीतला. तिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवत. एक बादली अजून आहे. ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्यांचा आवाज शस्त्रक्रियेआधी रेकॉर्ड करून आमच्या सर्व्हरवर जपून ठेवत.

मला लिहिणारा संगणकवाला सदा घाईत. चार इमारतींचे संगणक त्याच्या एकट्याच्या गळ्यात. माझी मेल जाते का ते बघायला त्याने विषयाच्या जागी लिहिलं, ‘चाचणी, दुर्लक्ष करावे’. पत्ता घातला वरच्या मजल्यावरच्या ताईंचा. रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवतात त्या. मग जिन्यातूनच ओरडला, “ताई, मेल आली का?”

“आली हो! दुर्लक्ष करू ना?”

“करा, करा!”

दोघंही हसले. विषय आणि पत्ता उद्या बदलतो, असं तो स्वतःशीच म्हणाला. तेवढ्यात फोन आला, कुठेतरी प्रिंटर अडकला होता. तो गेला, आणि दोन्ही बदलायचं राहून गेलं.

पुढे एक शिवणकाम करणारी बाई आली. आठ दिवसांनी तिचं ऑपरेशन होतं. ताईंनी दिलेली वाक्यं तिने पाढे म्हटल्यासारखी वाचली. पाणी हवं. दुखतंय. दार लावा. ताई म्हणाल्या, “आता घरी बोलता तसं बोला बघू.”

बाईने जरा विचार केला आणि एकदम आवाज चढवला, “भिंगरे! कुठे उंडारतेस? आधी चप्पल घाल!”

बाहेर अनवाणी पळत असलेली तिची सहा वर्षांची लेक खरोखरच चपला घालून दारात हजर झाली. आई खो-खो हसली. ते हसणंही रेकॉर्ड झालं. ताईंनी फाइलला नाव दिलं, ‘भिंगरी, हाक’.

ऑपरेशन झालं. आता आईच्या हातात पाटी आली. दर गुरुवारी ती ताईंकडे सरावाला यायची आणि लेक शेजारच्या खोलीत हेडफोन लावून तीच एक फाइल ऐकत बसायची. पुन्हा पुन्हा. चपलेचं वाक्य आलं की बसल्या बसल्या पायांनी चपला चाचपायची. एकदा आईने पाटीवर लिहिलं, ‘घरी नेता येईल?’

“हो तर! पुढच्या वेळी पेनड्राइव्ह आणा,” ताई म्हणाल्या. पुढच्या वेळी ती विसरली. त्याच्या पुढच्या वेळीही.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. जे एकीवर, तेच दुसरीवर. तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायचं ठरलं होतं. नुसतं ठरलंच होतं. एका मंगळवारी पहिली डिस्क गेली. मी तत्काळ कळवलं, ‘एक डिस्क निकामी. दुसरी एकटी आहे. ताबडतोब बदला.’ आणि वर विषय होता, चाचणी, दुर्लक्ष करावे.

ताई शब्दाला पक्क्या. तेवीस दिवस मी रोज सकाळी जीव तोडून मेल पाठवली आणि तेवीस दिवस त्यांनी माझं ऐकलं. माझंच ऐकलं, हेच मला सहन होत नाही.

चोविसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दुसरी डिस्क थांबली. मी वेगळ्या छोट्या डिस्कवर राहतो, म्हणून वाचलो. फाइलींच्या नावांची यादीही वाचली. आवाज गेले.

त्याच दिवशी लेक पेनड्राइव्ह गळ्यात बांधून आली होती, आईच्या शिवणातल्या लाल चिंधीत ओवून.

संगणकवाला धावत आला. “मला कसं कळलं नाही? मेल नाही आल्या?”

“आल्या की. रोज आल्या,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. तो वाचत राहिला. मग खाली आला आणि त्या जुन्या बादलीवर मटकन बसला. “मीच लिहिलंय हे,” एवढंच म्हणाला. मागोमाग आलेल्या ताई रडत म्हणाल्या, “मी एकदा उघडून तरी बघायचं होतं हो.”

दोन्ही डिस्क दुरुस्तीला गेल्या. काही मिळालं नाही.

“मग हाक कुठे गेली?” लेकीने विचारलं. आईने पाटीवर लिहिलं, ‘मी आहे ना.’ तिने अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाली, “पण तू हाक मारत नाहीस.”

आता माझा विषय बदललाय. ‘धोका. आत्ता वाचा.’ डिस्क नव्या आहेत, दुसऱ्या इमारतीत प्रत आहे. माझी बारीकशी मेलसुद्धा दोघं लगेच उघडतात. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि मला तो नको आहे. तुम्हालाही कुणी रोज तेच तेच सांगत असेल, तर वरची ओळ वाचून पुढे जाऊ नका. एकदा आत बघा.

लेक अजून येते. हेडफोन लावते, यादीतलं तेच नाव दाबते. नोंदवहीत नोंद पडते आणि माझी मेल जाते. संगणकवाला परवा म्हणाला, “ताई, ही नोंद वगळू का? दर गुरुवारी उगाच मेल येते.”

“नको,” ताई म्हणाल्या. “येऊ दे.”

आज गुरुवार. शेजारच्या खोलीतला संगणक सुरू झाल्याची नोंद आत्ताच आली. तिने नाव दाबलं. मी लिहायला घेतलंय, ‘भिंगरी, हाक. फाइल सापडली नाही.’