आठवा कोपरा का जुळला नाही

‘हिला भिंतीला टेकवून ठेवू नका हां. वर भोक पाडलंय ते खुंटीला टांगायला. टेकून उभी राहिली की वाकते ही जात,’ असं मला घडवणारा दामाजी सुतार जाताना बजावून गेला, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. सागाची मी. मी कशाला वाकतेय?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. तुमच्या कंपासपेटीत असते तसली वीतभर नव्हे. चांगली चार फूट लांब आणि तीन बोटं रुंद. मोठमोठी चित्रं आणि नकाशे काढणाऱ्यांना माझ्यासारखी पट्टी लागते. आज मी माझी गोष्ट सांगणार आहे, पण ती गोड असेल असं समजू नका. मला राग आलेला आहे. तो बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून निवलेला नाही.

माझा जन्म डोंबिवलीचा. मानपाड्याला दामाजीची पत्र्याची शेड होती. त्र्याऐंशी साल असेल. तिकडे तेव्हा इमारतींवर इमारती उठत होत्या, आणि दामाजी दिवसभर दारं-खिडक्यांच्या चौकटी करायचा. अशाच एका चौकटीतून उरलेली फळी त्यानं चार उन्हाळे माळ्यावर सुकवली आणि मग तिच्यातून मला काढलं. रंधा मारून मारून माझी कड त्यानं अशी केली की बोट फिरवलं तर घसरून पडावं. मग माझी परीक्षा घेतली. कागदावर मला ठेवून एक रेषा मारली, मला पालथी घातली आणि त्याच दोन टोकांवरून दुसरी रेषा मारली. पट्टीला जरा जरी बाक असेल तर या दोन रेषांमध्ये फट दिसते. माझ्या दोन रेषांची एकच रेषा झाली होती. दामाजी खूश होऊन म्हणाला, ‘हां! आता कोणाच्या बापाला घाबरायचं नाही.’

मी घाबरले नाही. हाच माझा पहिला दोष.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ रघुसरांचा चित्रकलेचा क्लास होता, तिथे दामाजीनं मला स्वतः आणून पोचवलं. पहिल्या मजल्यावर एकच लांबट खोली, खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की फरशी बारीक थरथरायची. त्यामुळे मुलं पेन्सिलचं काम इतर दिवशी करायची आणि शाईचं काम शुक्रवारी. शुक्रवारी आमच्याकडे वीज नसायची, गिरणी बंद असायची आणि खोली देवळासारखी शांत असायची.

माझं खास काम होतं घन काढायचं. घन म्हणजे सगळ्या बाजू सारख्या असलेला ठोकळा. यात काय कठीण आहे, असं तुम्ही म्हणाल. तर एकदा उंच गच्चीच्या कठड्यापाशी उभे राहा (आईचा किंवा बाबांचा हात धरून, एकट्यानं मुळीच नाही) आणि समोरच्या इमारतीकडे खाली बघा. तिच्या उभ्या कडा खाली जाता जाता एकमेकींच्या जवळ येताना दिसतात. त्या तशाच लांबवत नेल्या तर जमिनीच्याही खाली कुठेतरी एका बिंदूत मिळतील. आडव्या कडाही अशाच, काही डावीकडे लांब एका बिंदूत मिळतात, काही उजवीकडे. असे तीन बिंदू पक्के करून काढलेला घन अगदी खरा दिसतो. सर त्याला तीन बिंदूंचं यथार्थदर्शन म्हणायचे.

गंमत अशी, की हे बिंदू जवळ घेतले तर घन वेडावाकडा दिसतो, कोणी तोंड वेंगाडल्यासारखा. म्हणून ते लांब घ्यावे लागतात. खालचा तिसरा तर इतका लांब जायचा की ड्रॉइंगच्या फळीवर मावायचाच नाही. मग फळी जमिनीवर ठेवायची, तिच्या खालच्या बाजूला एक पाट जोडून ठेवायचा आणि त्या पाटावर खिळा ठोकायचा. खिळ्यापासून कागदापर्यंत पोचणारी खोलीत मी एकटीच. माझी कड खिळ्याला टेकवायची, दुसरं टोक फिरवायचं आणि उभ्या कडा मारायच्या. मुलं मला घेण्यासाठी भांडायची. ‘सर, तिला सांगा ना, कधीची पट्टी घेऊन बसलेय!’ हे शब्द ऐकायला मला फार आवडायचं.

पण काम संपलं की मला दारामागे टेकवून ठेवायचे. माझ्यासाठी मारलेल्या खुंटीवर पहिल्याच आठवड्यात सरांची छत्री आणि पिशवी लटकली होती. खाडीवरची दमट हवा, गिरणीचं पीठ, आणि मी तिरकी उभी. एक वर्ष, दोन वर्षं, सहा वर्षं. माझ्या पोटात हळूहळू बाक आला. डोळ्यांना न दिसणारा, केसाएवढा, मग दोन केसांएवढा.

एकोणनव्वद साली क्लासला रतन आली. ठाण्याच्या कोळीवाड्यातली, बारावी झालेली. तिची आई गंगुबाई मासळी विकायची. रतन कमी बोलायची आणि काम असं करायची की सर दुसऱ्यांच्या कागदावर वाकलेले असतानाही त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे असायचं. वर्तकनगरला नकाशे काढणारं एक ऑफिस होतं. तिथे हाताखाली माणूस हवा होता. रतन विचारायला गेली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, ‘सोमवारी तीन बिंदूंचा एक घन शाईत काढून आणा. मागच्या न दिसणाऱ्या कडासुद्धा तुटक रेषेनं दाखवा. आठही कोपरे जुळले तर हे टेबल तुमचं.’

आता हा आठवा कोपरा नीट समजून घ्या. घनाला आठ कोपरे असतात. पुढून सात दिसतात, आठवा मागे लपलेला असतो. त्याच्याकडे तीन कडा येतात, तिन्ही बिंदूंकडून एकेक. चित्र बरोबर असेल तर तिन्ही तिथे एकाच ठिपक्यात भेटतात. कुठेही चूक असेल तर त्या भेटत नाहीत, मध्ये एक इवलासा त्रिकोण उरतो. म्हणून सर कोणाचाही घन तपासताना आधी आठवा कोपरा बघायचे.

रतनने मंगळवारी पेन्सिलीत घन काढला. त्रिकोण उरला, मुंगी बसेल एवढा. ती म्हणाली, ‘सर, खाली गिरणी चालू आहे, म्हणून हललं असेल.’ बुधवारी पुन्हा काढला. पुन्हा त्रिकोण. तिनं खिळा बदलला, पाट घट्ट बसवला, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं, सगळी मापं पुन्हा घेतली. सगळं तपासलं, फक्त मला तपासलं नाही. मी सरांची पट्टी होते ना! मला उचलताना ती कधी उताणी धरायची, कधी पालथी, आणि माझा बाक तिची एक रेषा इकडे ढकलायचा, दुसरी तिकडे.

मला कळत होतं, मित्रांनो. दामाजीचे शब्द मला लख्ख आठवत होते. पट्टीला तोंड नसतं म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते. पण तोंड असतं तर बोलले असते का? सहा वर्षं कौतुक ऐकलेली पट्टी ‘माझंच चुकलं’ म्हणते का? स्वतःचा राग येतो तो इथे.

शुक्रवार आला. वीज नाही, गिरणी बंद, खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी. रतनने शाईत घन काढला. आठव्या कोपऱ्यावर काळा कुळकुळीत त्रिकोण उमटला.

सर वाकून बघत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मंगळवारी म्हणे गिरणी हलत होती. आज शुक्रवार आहे. आज काय हलतंय, रतन?’

‘सर, मी सगळं चेक केलं. खरंच. पुन्हा काढते.’

‘कितीदा काढशील? हात थरथरतो तुझा.’

मागून मोरू नावाचा मुलगा म्हणाला, ‘सर, तिला होडीत बसायची सवय आहे ना, म्हणून डुलते ती!’

सगळे हसले. सरही हसले. ‘अरे, गप्प बसा रे,’ असं म्हणत हसले, आणि ते मला जास्त लागलं. मग रतनला म्हणाले, ‘हे घेऊन वर्तकनगरला जाऊ नकोस. माझ्या क्लासचं नाव सांगशील आणि ते हसतील.’

रतनने मला उचललं, फडक्यानं पुसलं आणि दारामागे नीट टेकवलं. सोमवारी ती ऑफिसात गेली नाही. क्लासलाही आली नाही.

बुधवारी गंगुबाई आली. बाजार उरकून, रिकामी पाटी काखेत घेऊन.

‘सर, पोरीची फली आन् पेन्शिली द्या. येत नाय बोलते ती. जेवत पन नाय नीट. काय झाला ता तरी सांगा.’

सर म्हणाले, ‘अहो, काही नाही. हात थोडा हलतो तिचा. सगळ्यांनाच जमतं असं नाही.’

‘माजे पोरीचा हात हलतो?’ गंगुबाईनं पाटी खाली ठेवली. ‘बोंबलाचा काटा डोले मिटून काढते ती! कशानं काढते तुमचा तो खोका? दावा मना.’

सरांनी मला तिच्या हातात दिलं. गंगुबाईनं मला उचलून एक टोक डोळ्याशी धरलं, दुसरा डोळा मिटला आणि माझ्या कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

‘सर, ही वाकलीय.’

‘छे हो, सागाची पट्टी आहे ती.’

‘आमी वल्हा घेताना असाच बगतो. ह्या वल्ह्यावर माजा घोव होरी बंदरातून भायेर पन काढायचा नाय.’

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद घेतला, एक रेषा मारली, मला पालथी घातली आणि दुसरी मारली. दोन रेषांच्या मध्ये खसखशीचा दाणा मावला असता.

मोरू पेन्सिलीला टोक करत बसला.

‘मी सांगन तिला,’ गंगुबाई म्हणाली. ‘पन माजा ती ऐकाची नाय. बोलंल, आये, तू आय हाईस म्हनून बोलते. तुमी या सर. तुमच्या तोंडानं सांगा, पोरी, तुजा हात सरल हाय. एवराच.’

‘येतो ना. रविवारी नक्की येतो,’ सर म्हणाले.

टेंभी नाक्यावरून कोळीवाडा चालत पंधरा-वीस मिनिटं. रविवार गेला. पुढचाही गेला. एक दिवस छत्री खाली आली आणि मी खुंटीवर चढले. दामाजीला बोलावून त्यांनी माझी कड पुन्हा सरळ करून घेतली. माझी किती काळजी घेतली बघा! माझ्यासाठी माणूस डोंबिवलीहून आला. रतनसाठी टेंभी नाक्यावरून कोणी हललं नाही.

याहून संतापाची गोष्ट पुढे आहे. नव्या मुलांना सर पहिल्याच दिवशी सांगू लागले, ‘पट्टी नेहमी पालथी घालून तपासावी. एकदा आमच्याकडे वाकलेल्या पट्टीनं एकीचा घन सारखा चुकायचा.’ मुलं ते वहीत लिहून घ्यायची. एकी! तिला नाव होतं. हसताना तिचं नाव घेऊन हसले होते, आणि तिची बाजू खरी ठरली तेव्हा नाव गळून गेलं. आणि मोरू? तो तिथेच बसून मान डोलवायचा.

पुढे सत्त्याण्णवच्या सुमाराला कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला. आता त्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं आणि वरची झडप उघडायला मला वापरतं. त्याची मला खंत नाही. वस्तूंची काळजी घ्या, हे तुम्हाला शाळेत रोज सांगतात. घ्याच. पण मी इतकं बोलले ते माझ्यासाठी नव्हे.

रतनचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. खोलीत कोणाच्याही तोंडून ते कधी निघालं नाही. मला पाय असते तर मी त्याच बुधवारी गेले असते. तुम्हाला आहेत. तुमच्या वर्गातून, क्लासमधून, खेळातून असं कोणी यायचं थांबलं असेल. ‘तिला जमत नव्हतं’ एवढंच तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. कदाचित तेव्हा तुम्हीही हसला असाल. तर आज शाळा सुटल्यावर तिच्या घरी जा. घरी सांगून जा, पण जा. दार वाजवा आणि ती कशी आहे ते विचारा. आणि ‘बरी आहे’ म्हणाली, तरी लगेच परत फिरू नका. आत जाऊन बसा.