चार रविवारांचं पाणी

अकरावीला मी समाजशास्त्र घेतलं, कारण त्यात गणित नव्हतं. विश्वजीत सरांनी पहिल्याच महिन्यात त्यात सामाजिक मानवशास्त्र घुसडलं आणि आमचे रविवार गेले. प्रकल्प असा होता: दोघादोघांच्या जोड्या करायच्या, चार रविवार एकमेकांच्या घरी जाऊन बसायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. प्रेमळ, गरीब, छान असले शब्द बंद. कारणं शोधायची नाहीत. चौथ्या रविवारी त्या घरात वही मोठ्यानं वाचून दाखवायची आणि घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची. सही नसेल तर वही जमा होणार नाही.

माझी जोडी रूपालीशी लागली. वर्गात आम्ही एका बाकावर बसतो, वह्या एकमेकींच्या उतरवतो. दोघी उस्मानपुऱ्यातच राहतो, मध्ये दोन गल्ल्या. तरी एकमेकींच्या घरी कधी गेलो नव्हतो. मला प्रकल्प उरकायचा होता. रूपालीचं तसं नव्हतं. तिला पुढं हाच विषय शिकायचा आहे, आणि सर सगळ्यांत चांगली वही विद्यापीठाच्या शिबिराला पाठवणार होते. ती वही आपली असावी म्हणून तिनं जिवाचं रान केलं होतं.

चौथ्या रविवारी सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर ती आमच्याकडे वाचायला बसली. समोर पप्पा, आई आणि माझा धाकटा भाऊ शिवम. पप्पांना गावाकडं आप्पासाहेब म्हणतात. चितेगावला आमची शेती आहे आणि इथं ते सरकारी नोकरीत आहेत, त्यामुळं सही करायची त्यांना दांडगी हौस. पेन आधीच उघडून बसले होते.

रूपाली सपाट आवाजात वाचत होती. टीव्हीचा रिमोट कोणाकडं किती वेळ असतो. आई सगळ्यांच्या नंतर खाते, चारपैकी चार वेळा. शिवम ताट उचलत नाही. पप्पा खो-खो हसले आणि शिवमला म्हणाले, "ऐक, बाहेरची माणसं पण बघायलीत!"

मग तिनं पान उलटलं. "चहा. घरातल्या चौघांना कपबशी. निरीक्षकाला कागदी ग्लास. चारही रविवारी. दुसऱ्या रविवारी वरच्या मजल्यावरचा इंद्रजीत आला होता. त्याला कपबशी."

निरीक्षक म्हणजे ती स्वतः.

आई म्हणाली, "अगं, पाहुण्यांसाठी आणलेत ते ग्लास." मग इंद्रजीतची आठवण झाली असावी, कारण ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी चारही रविवार रूपालीच्या शेजारी बसून चहा प्यायले होते. मला तो ग्लास दिसला नव्हता.

पप्पांनी पेनाला टोपण लावलं. "लई भारी लिहिलंस. तेवढं ग्लासाचं काढून टाक, लगेच सही करतो."

"काका, सरांनी काहीच काढू नका म्हणून सांगितलंय," रूपाली म्हणाली.

मग मी जे काही बोलले ते भाषणच होतं. कोणत्या जमान्यात राहता, लाज वाटत नाही का, वगैरे. आवाज चांगला लागला होता. पप्पांनी तरीही सही केली नाही. रूपालीनं वही दप्तरात घातली आणि गेली. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःबद्दल जरा बरंही वाटलं.

संध्याकाळी माझी पाळी होती. रूपालीच्या घरी बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, दाराच्या उजव्या हाताला माठ आहे. तिची आजी मुक्ताबाई माठाशेजारी बसून ऐकत होती. मी जोरात वाचत होते. रूपालीचे वडील कंपनीतली रविवारची पाळी करून आले की आधी माठातलं दोन ग्लास पाणी पितात. आजी तांब्यानं वरून पितात. शेजारची बाई आली की स्वतः घेऊन पिते. माझी पाण्याची नोंद एवढी बारीक होती की सर खूश झाले असते.

वाचून झालं. मुक्ताबाईंनी पेन मागितलं आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. एकही शब्द काढायला सांगितला नाही. मग वही परत देताना म्हणाल्या, "समद्यांचं पाणी लिवलंस पोरी. तुझं नाय लिवलं व्हय?"

माझी बाटली माझ्या मांडीशी उभी होती. चारही रविवारी होती. मला सहावीत कावीळ झाली होती, तेव्हापासून बाटली बरोबर असते, असं मी सांगणार होते. पण वर इंद्रजीतकडं गेले की मी त्यांच्याच फ्रीजमधलं पाणी पिते. तिथं बाटली नेल्याचं मला आठवेना. रूपाली माझ्याकडं बघत नव्हती. तिला हे पहिल्या रविवारपासून माहीत होतं. सकाळचं भाषण मला शब्द न् शब्द आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पेन घेतलं आणि सहीच्या खाली लिहिलं: "निरीक्षक चारही रविवारी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायली. माठातलं एकदाही नाही." ते वाचून दाखवलं. मुक्ताबाई "व्हय" एवढंच म्हणाल्या. मी रूपालीची वही मागितली. तिनं ती दप्तरातून काढून दिली.

घरी येऊन दोन्ही वह्या पप्पांसमोर ठेवल्या, वर माझी. "आधी ही वाचा," मी म्हणाले. या खेपेला आवाज चढला नाही.

पप्पांनी शेवटपर्यंत वाचलं. खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "बाटली कोण भरून देत होतं?"

"मीच," आई आतून म्हणाली.

पप्पांनी रूपालीची वही ओढली आणि सही केली. सोमवारी मी तिला वही दिली. तिनं सही बघितली, वही दप्तरात ठेवली. त्या दिवशी मी माझी बाटली घरीच ठेवून आले होते, आणि मधल्या सुट्टीत मला तहान लागली होती. तिची बाटली बाकावर आमच्या दोघींच्या मध्ये होती. मी मागितली नाही, आणि तिनंही दिली नाही.