मानाची जागा

मला नुसता धोंडा समजू नका, मित्रांनो. मी एका जुन्या जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा फिरता दगड आहे. माझ्या मधोमध जे भोक दिसतं ना, ते माझं तोंड. त्या तोंडानं मी वर्षानुवर्षं ज्वारी-बाजरी खाल्ली आणि पीठ करून परत दिली. आज त्याच तोंडातून जाड दोर ओवलेला आहे आणि अंगावर हळदीकुंकवाचा थर बसला आहे. हे सगळं कसं झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगते. गोड गोष्ट हवी असेल तर एखाद्या उसाच्या चरकाकडे जा.

मिरजगावच्या एका पाथरवटानं मला आणि माझ्या जोडीदारणीला एकाच काळ्या दगडातून घडवलं. ती खालची तळी, मी वरची. गोजरबाई नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासऱ्यानं आम्हाला बैलगाडीत घालून तलावाकाठच्या वस्तीवर आणलं. वस्ती भोयांची होती. मासे धरायचे आणि आजूबाजूच्या बाजारांत विकायचे, हा त्यांचा धंदा. गोजरबाईनं पहिल्या दिवशी आम्हाला हळदकुंकू वाहिलं, पाया पडली आणि मगच खुंट्याला हात घातला. घरात लग्न निघालं की पहिली हळद आमच्यावर दळली जायची. चुकून कुणाचा पाय लागला, तर तो माणूस वाकून नमस्कार करायचा. मला या मानाचा गर्व होता. दगडाला गर्व नसतो असं कोण म्हणतं?

पुढे मोठी लढाई सुरू झाली. रेशनचं किडकं धान्य घरात येऊ लागलं. त्याच सुमारास शेजारच्या गावात अल्लाबक्षनं तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी टाकली आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन तिकडे जाऊ लागल्या. तरी गोजरबाई हट्टानं आमच्यावरच दळायची. मग एकदा टाकी लावणारी, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरणारी बाई आली. तिची छिन्नी जरा जास्तच खोल गेली आणि माझी जोडीदारीण मधून तडकली. तिचे तुकडे चुलीला लावले. एकट्या तळीवर काय दळणार? मला अंगणात टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या आणि बसून नको ते करायच्या. मित्रांनो, हळदीची सवय झालेल्या अंगाला ते किती झोंबतं, हे विचारू नका.

तिथून मला उचललं ते बनुबाईनं. ही गोजरबाईची सून, सहादेवाची बायको. तिचं माहेर देवळाली प्रवरेचं, तेही भोयांचंच. सहादेवाच्या होडीचा नांगराचा धोंडा दोर कुजून तळाशी गेला होता. बनुनं मला पाहिलं, माझ्या तोंडातून दोर ओवला आणि मला होडीच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे होडीच्या तोंडाशी बांधलं.

"वारा सुटला का धोंडा हितनंच सोडायचा," ती नवऱ्याला म्हणाली. "दोर लांब द्यायचा. मंग होडी आपसूक वाऱ्याकडं तोंड करती अन् लाट चिरीत बसती. तुमी फकस्त मधी खाली बसून ऱ्हायाचं."

"तुला कुनी शिकवलं गं?"

"माझ्या बापानं. नदीला पूर आला म्हंजी वारा बी तसाच येतो."

सहादेव हसला, पण त्यानं ऐकलं. लहान होडी म्हणजे तरी काय, दोन माणसं बसली तर तिसऱ्याला जागा नाही. आषाढातला वारा त्या उघड्या माळावरून सुटला की तलावावर हातभर लाटा उठतात. अशा वेळी सहादेव मला पाण्यात सोडायचा. मी तळाच्या गाळात रुतून बसायची. होडी दोर ताणून तोंड वाऱ्याकडे फिरवायची, लाटा दोन्ही बाजूंनी निघून जायच्या. वारा पडला की सहादेव मला वर ओढून घ्यायचा आणि थोपटायचा. दळण्यापेक्षा मला हे काम जास्त आवडू लागलं. दळणात पोट भरतं हे खरं. इथे माणूस जिवंत घरी जात होता.

फक्त एक होतं. सहादेव जाळं फेकायला पुढे उभा राहायचा तेव्हा त्याचा एक पाय माझ्यावर असायचा. भक्कम आधार होता त्याला. मलाही त्या पायाचं काही वाटेनासं झालं होतं.

एके दिवशी गोजरबाई भाकरी घेऊन काठावर आली. तिनं लेकाचा पाय पाहिला. तिच्या हातातलं गाठोडं तिथेच पडलं.

"ज्या जात्यावर तुझी हळद दळली, त्याच्यावर पाय देतोस?"

"आये, धोंडा हाय आता तो."

"धोंडा न्हाई, लक्ष्मी हाय माझी." मग ती सुनेकडे वळली. "हिनं बांधलं ना? हिच्या बापाच्या घरी जातं हुतं का कधी, का नुसतंच मागून खात हुते?"

तिनं बनुला मानेला धरून माझ्यापुढे वाकवलं आणि माझ्यावर नाक घासायला लावलं. बनुला तेव्हा सहावा महिना होता. तिच्या नाकाची सालटं निघाली आणि रक्त माझ्या खाचांत उतरलं. सहादेव वल्ह्याला टेकून उभा होता. वस्तीतल्या बायका पाहत होत्या आणि त्यांतली एक तर म्हणाली की बरं झालं, सून शेफारली होती.

गोजरबाईनं मला होडीतून काढून फेकलं असतं तरी चाललं असतं. पण धोंडा लागतो हे तिलाही ठाऊक होतं. आणि घरची लक्ष्मी लेकाबरोबर पाण्यात असलेली तिला हवीच होती. म्हणून तिनं मला धुतलं, हळदकुंकू लावलं आणि होडीच्या मागच्या टोकाला बांधायला लावलं. तिथे कुणाचा पाय पडत नाही. ती म्हणाली, ही मानाची जागा.

"आत्या," बनु नाक पुसत म्हणाली, "मागनं बांधलेली होडी पाठीवर लाट घेती. मागची कड बुटकी हाय. पानी आत येईल."

"तू गप."

त्या संध्याकाळी बनुनं नवऱ्याच्या मिनतवाऱ्या केल्या. आईसमोर काठावर मागे असू द्या, पाण्यात गेलात की पुढे घ्या, इतकंच तिचं मागणं होतं. सहादेव म्हणाला, "आईचं मन कशाला मोडायचं? वारा सुटला तर तवा बघू."

मित्रांनो, एकदा वारा सुटला की बघायला वेळ मिळत नाही. बनुला हे कळत होतं. मलाही कळत होतं. पण सुनेचं कुणी ऐकलं नाही, आणि मला तर बोलताच येत नव्हतं.

वारा सुटला तो आषाढातल्या एका दुपारी, जाळं भरलेलं असताना. सहादेवानं मला मागूनच सोडलं. मी खाली गेले. तलाव होण्यापूर्वी तिथे शेतं होती. बुडालेल्या बांधाच्या दोन दगडांत मी घट्ट अडकले. दोर ताणला. होडीनं वाऱ्याकडे पाठ केली.

पहिली लाट मागच्या कडेवरून आत आली. मी खालून होडीचा तळ पाहत होते. तो मागच्या बाजूनं खाली दबत चालला होता. दोर सैल करायला सहादेव मागे आला आणि त्याच्या वजनानं ती बाजू आणखी दबली. ओल्या दोराची गाठ फुगून दगडासारखी झाली होती. तो ती नखांनी उकलत होता. त्याचा प्रत्येक हिसका माझ्या तोंडापर्यंत येत होता. मला सुटायचं होतं. मी हललेसुद्धा नाही, कारण धरून ठेवायचं एवढंच मला येतं.

होडी भरली आणि कलंडली. सहादेव पट्टीचा पोहणारा होता, पण जाळं त्याच्या पायांत आणि माझ्या दोरात गुंतलं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. त्याचे डोळे उघडे होते. मासे अजून जाळ्यात तडफडत होते.

वारा पडल्यावर लोकांनी दोर धरून त्याला वर काढलं. बुडालेलं माणूस त्या तलावात सहसा लवकर सापडत नाही. सहादेव सापडला, म्हणून सगळ्यांनी माझेच गोडवे गायले.

"लक्ष्मीनं माझ्या लेकाला धरून ठिवलं," गोजरबाई ऊर बडवत म्हणाली. "वाहून न्हाई जाऊ दिला."

"आत्या, तिनं धरलं म्हनूनच गेले वो ते," बनु म्हणाली.

तिला पुढे बोलू दिलं नाही. तोंडावर चपला बसल्या. पांढऱ्या पायाची, नवऱ्याला गिळलेली, अशी नावं ठेवली. तिच्या बांगड्या फोडायच्या वेळी गोजरबाईनं दुसरा दगड घेतला नाही, मलाच पुढे ओढलं. बनुचं मनगट माझ्यावर आपटलं. काचांबरोबर हाडही वाजलं. तेरावं उरकताच तिला पोटातल्या बाळासकट माहेरच्या वाटेला लावलं. जाताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मला बाभळीखाली बसवलं गेलं. बायका नवस बोलू लागल्या. इतका मान मला दळणाच्या दिवसांतही मिळाला नव्हता, आणि तो मला विटाळासारखा वाटत होता.

आज सकाळी सहादेवाचा चुलतभाऊ कारभारी आला. त्याला नवी होडी मिळाली आहे.

"काकी, तेवढी तळी मला द्या," तो म्हणाला. "तिचा गुन हाय. मानूस सोडीत न्हाई."

"ने बाबा. पर मागं बांध. पाय लागला तर याद राख."

त्यानं कपाळ माझ्यावर टेकवलं आणि मला होडीच्या मागच्या टोकाला बांधलं. गाठ दोनदा आवळली. आता मी तिथेच पडले आहे. समोर तो जाळ्याची घडी घालतो आहे आणि काठावर त्याची बायको कडेवरच्या पोरीला बाप दाखवते आहे. पुन्हा आषाढ लागला आहे. माळावरची बाभळ सकाळपासून एकाच बाजूला वाकलेली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांचा मान ठेवा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी तसं सांगणार नाही. तुमच्यापैकी कुणी काठावर असेल तर त्या कारभाऱ्याला हाक मारा. म्हणावं, ही हळद खरवडून काढ. हिच्यावर दोन्ही पाय दे, चिखल पूस, थुंकलास तरी चालेल. पण हिला सोडव आणि पुढे बांध. जरा मोठ्यानं हाक मारा. वारा तुमच्या तोंडावर आहे, आणि त्यानं वल्हं उचललं आहे.