एक-शून्य

राजने मला मॅचला बोलावलं तेव्हा माझी बायको आसावरी म्हणाली, "नोकरी पक्की झाली असणार. 'नाही' सांगायला कोणी तिकीट काढतं का?"

मलाही पटलं. माझी नोकरी सुटली होती आणि व्हिसाच्या साठ दिवसांतले नऊच उरले होते. तेवढ्यात नवी मिळाली नाही तर इथलं टेक्सासमधलं अर्विंगचं घर, ईशानची दुसरीची शाळा, सगळं आवरून नागपूर. राजच्या कंपनीत तीन इंटरव्ह्यू झाले होते. राज तिथला डायरेक्टर, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत वाढलेला, मराठी मंडळातल्या वसुधाकाकूंचा मुलगा.

बेसबॉल मला कळत नाही. नऊ डावांच्या त्या मॅचमध्ये तिसऱ्या डावात आमचा एक रन झाला आणि नंतर दोन्हीकडे शून्यच शून्य. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला हे सहन होत नाही. बॉल टाकणारा आमचा लंबू डावखुरा समोरच्यांना एकेक करून घरी पाठवत होता आणि लोक त्या शून्यांना टाळ्या वाजवत होते. माझं लक्ष राजच्या तोंडाकडे. तो फक्त मॅचबद्दल बोलायचा.

सहाव्या डावात मी विषय काढला. "राज, त्या पोझिशनचं..."

"बघ, बघ! काय स्लायडर टाकला यार!"

सातव्यात मी उगाच दोनदा बाथरूमला जाऊन आलो. नोकरी देणारा माणूस इतका भाव खातो का? आठव्यात राज उठला आणि नाचोजचं मोठं ताट घेऊन आला.

"अरे, मला भूक नाही. आपण बोलू या ना?"

"बोलू. आधी खाऊन घे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

पोरगा इंग्रजीत वाढला, पण हे वाक्य थेट वसुधाकाकूंचं होतं. आपल्याकडे वाईट बातमी उपाशी माणसाला सांगत नाहीत. माझे आजोबा गेले तेव्हा ते सांगण्याआधी आईने मला आग्रह करून दोन पोळ्या जास्त वाढल्या होत्या.

मी एकही नाचो उचलला नाही. नवव्यात समोरच्यांचे दोघे बेसवर पोचले, सगळं स्टेडियम उभं राहिलं. डावखुऱ्याने शेवटचे दोघे सरळ स्ट्राइकआउट केले. एक-शून्य. अनोळखी लोक मला मिठ्या मारत होते.

पार्किंगमध्ये राजने सांगितलं. "पोझिशनच कॅन्सल केली. सकाळीच कळलं. सॉरी यार."

"सकाळी? मग तीन तास मला झुलवत कशाला ठेवलंस?" मी ओरडलोच. मला त्याचा भयंकर राग आला. माणसाला त्याची बातमी त्याच्या वेळेला द्यावी, एवढंच तर हवं असतं.

मी तिथूनच आसावरीला फोन लावला आणि हॅलोच्या आधी सांगून टाकलं, "नाही मिळाली. परत जायचंय."

मागे ईशान कशावर तरी खदखदून हसत होता.

"ईशानला तू सांग," आसावरी म्हणाली. "मला नाही जमणार. देऊ फोन?"

"नको," मी म्हणालो. "त्याचं जेवण होऊ दे."