देवीवाल्या डोमाजीची टोचणी

डोमाजीने उभ्या आयुष्यात किती दंड टोचले, याचा सरकारी आकडा एक आहे, डोमाजीचा दुसरा, आणि देवळीच्या बसस्टँडवर सकाळच्या चहाबरोबर सांगतात तो तिसरा. तिसरा आकडा धरला तर ते सगळे दंड एकापुढे एक मांडल्यावर देवळीहून निघावेत, वर्ध्याला वळसा घालावा आणि पुन्हा देवळीत येऊन वर दोन-चार उरावेत. देवीची साथ गावंच्या गावं नेत होती तेव्हाचा तो सरकारी टोचणीवाला. देवी देशातून गेली त्याला जमाना झाला, पण डोमाजीला अजून सगळे 'देवीवाला'च म्हणतात.

त्या डोमाजीवर सत्त्याहत्तराव्या वर्षी स्वतः टोचून घ्यायची पाळी आली.

झालं असं, की त्याची नात रक्षा नैरोबीत राहते. नवरा पियुष तिथे गुलाबाची शेती करणाऱ्या कंपनीत आहे. त्यांना तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. रक्षा लहानपणी डोमाजीच्या मांडीवरच वाढलेली, तेव्हा तिची लेक मांडीवर घेतल्याशिवाय मरायचं नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. पासपोर्टही आला होता.

"आबाजी, आता फक्त पिवळ्या तापाचं इंजेक्शन राह्यलं," रक्षा फोनवर म्हणाली. "नागपूरले जाऊन घ्या लागते. टोचल्यावर जे पिवळं कार्ड भेटते, ते दहा दिवसांनी लागू होते, म्हणून उशीर नोका करू."

"गोळ्या नाई चालत?"

"गोळ्या मलेरियाच्या, त्या येगळ्या. इंजेक्शन लागतेच. कार्ड नसलं तं वापस येताना विमानतळावरूनच सहा दिवस कोंडून ठेवतात."

"मंग काय, सोपं हाय!" असं म्हणून डोमाजीने फोन ठेवला आणि पलंगावर बसला, तो जेवायलाही उठला नाही.

कारण डोमाजीला सुईची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे. दुसऱ्याच्या दंडात सुई घालताना हात दगडासारखा स्थिर, आणि स्वतःच्या दंडाजवळ सुई आली की कानात गुणगुण सुरू होऊन डोळ्यांपुढे काजवे. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की देवीची लस त्याने स्वतः कधी घेतलीच नव्हती. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातली एक, त्याची बायको आनंदाबाई, सात वर्षांपूर्वी गेली.

लहानपणी टोचणीवाला आला की आई त्याला कापसाच्या ढिगात लपवायची. बाविसाव्या वर्षी नोकरी लागली, वर्ध्याला शिकवणी झाली. तिसऱ्या दिवशी सगळ्या उमेदवारांना टोचायचं ठरलं, तेव्हा डोमाजी लघवीला म्हणून गेला आणि सगळ्यांचं आटोपल्यावर परतला. पण पहिल्याच गावात म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी त्याची वाट अडवली. "आधी तुया दंड दाखव." दंडावर टोचल्याचा वण नव्हताच, दाखवणार काय? कपाळ?

तो तसाच सायकल मारत घरी आला. आनंदाबाई तेव्हा नवी नवरी, लग्नाला सहा महिने झालेले. तिने सगळं ऐकून घेतलं, सासऱ्याची बिडी पेटवली आणि नवऱ्याचा दंड घट्ट धरला. पहिला चटका नीट बसला. पण डोमाजीने असं काही तोंड केलं की तिला हसू आवरेना, आणि हसता हसता हात हलून दुसरा चटका दोन बोटं खाली बसला. म्हणून डोमाजीच्या दंडावर दोन वण आहेत. लोकांना तो सांगे, एक सरकारनं दिला, दुसरा मी माझ्या मनानं घेतला. ऐकणारे हात जोडायचे.

त्या दोन वणांवर त्याने कारंजा घाडग्याचा सगळा जंगलपट्टा टोचून काढला. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत स्पिरिटचा दिवा, दोन दातांच्या सुया आणि लस. सायकल जिथे थांबेल तिथून पुढे पायी. बाया पोरांना धान्याच्या ढोलीत लपवत. डोमाजी ढोलीशेजारी बसून अशी काही गोष्ट सुरू करी, की पुढे काय झालं ते विचारायला पोर आपणहून डोकं वर काढी. एका गावात पुरुष ऐकेनात. तिथे त्याने सहज सांगून टाकलं, की टोचलेल्या नवऱ्याची बायको रुसून माहेरी जात नाही. दुपारपर्यंत ब्रह्मचारी पुजाऱ्यासकट सगळं गाव रांगेत उभं.

ज्या घरात माता आलेली, म्हणजे देवी अंगावर फुललेली, त्या घरी दारात कडुलिंबाचा टहाळा, चुलीवर फोडणी बंद, आणि सगळे आवाज न करता चालणारे. आजाऱ्याच्या बाजेपर्यंत जाऊन बाकीच्यांना टोचायचं. डोमाजी जायचा. स्वतः न टोचलेला, तरी जायचा. घरी आला की आनंदाबाई त्याला विहिरीवरच थांबवी, कडुलिंबाचं पाणी डोक्यावरून ओती, आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी उजेडात उभा करून त्याच्या अंगावरचा तीळन् तीळ तपासी.

"आता तरी घ्या ना टोचून," ती म्हणे.

"पुढच्या शिशीतून घेतो," तो म्हणे.

पुढच्या शिशा येत राहिल्या आणि संपत राहिल्या. मग देवीच संपली. त्या वर्षी आनंदाबाईने पुरणपोळी केली होती. कशाची पुरणपोळी, ते शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

नागपूरला जायच्या दिवशी डोमाजी वर्ध्याला बसमधून उतरला, तर समोर जंगलू उभा. जंगलू कारंज्याकडच्या गोंडांच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, डोमाजीचा पन्नास वर्षांचा दोस्त. आता लेकाजवळ पिपरी मेघ्यात राहतो. टोल्यावरचं पहिलं टोचलेलं माणूस तोच. डोमाजीचा दंड पाहून तो पुढे आला आणि मागून सगळा टोला आला.

"तू काऊन आला बे?"

"रक्षीनं फोन केलता. म्हणे आबाजी एकटे जाऊन राह्यले. म्हटलं, चाला. आमाले इतके टोचे मारले, आज डाक्टरले टोचताना तं पाहू द्या."

हे ऐकल्यावर डोमाजी रेल्वेत सेलूपर्यंत नुसती पिशवीची चेन उघडझाक करत बसला. जंगलू खिडकीतून कपाशीची शेतं पाहत होता आणि मधूनच खुशीत हसत होता.

नागपूरच्या केंद्रात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. देवळीच्या डॉक्टरचं प्रकृती ठीक असल्याचं पत्र पाहिलं. अंडं खाल्ल्यावर अंगाला खाज येते का, कुठली औषधं चालू आहेत, सगळं विचारून घेतलं.

"आजोबा, साठीच्या पुढे ही लस आम्ही जरा जपूनच देतो. जाणं गरजेचंच आहे का?"

डोमाजीला सुटायला इतकी मोठी फट कोणी आजवर ठेवली नव्हती. तोंड उघडलंही. पण मागून जंगलूच बोलला. "पणती पाहाची हाय, बाई. तीन महिन्यांची हाय. याच्यासारखंच नाक हाय तिचं, बिचारीचं."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती ऐकली आणि सही केली. चिठ्ठीवर नंबर होता दहा.

नऊ माणसं पुढे होती. सातवा आत जाईपर्यंत डोमाजीच्या कानात गुणगुण सुरू झाली. "च्या पिऊन येतो," असं म्हणून तो उठला आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर जाऊन बसला. तिथे एक चुणचुणीत इसम त्याच्याजवळ सरकला.

"काका, पिवळं कार्ड पायजे का? शिक्का, सही, सगळं बरोबर. टोचाची गरज नाई. पासपोर्ट द्या, एका घंट्यात बनवून देतो."

डोमाजीचा हात शर्टाच्या आतल्या खिशाकडे गेला. पासपोर्टला बोटं लागली. तेवढ्यात जंगलू येऊन समोर उभा राहिला.

"कोण हाय हा?"

"कोणी नाई," म्हणून तो इसम बाजूला झाला.

डोमाजीने बाकावर जागा केली. मग म्हणाला, "जंगलू, बस. तुले एक सांगाचं हाय. हे दंडावरचे दोन डाग हायेत ना माया, हे..."

"बिडीचे व्हय," जंगलू म्हणाला. "च्या घे, थंडा होऊन राह्यला."

डोमाजीने बाही खाली ओढली. "तुले कोणं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? आमी तेंदूपत्ता तोडनारे, बिड्या ओढनारे लोक. जनमभर चटके खाल्ले. बिडीचा डाग आमाले नाई वळखू येनार? तू दंड उघडा केला, तवाच मायी बायको रुखमी म्हणे, मानूस खोटा बोलून राह्यला."

"माया तोंडावर म्हणे?"

"तुया तोंडावर. गोंडीत म्हणे. सगळा टोला हासला, तुले वाटलं लोक खुश झाले."

डोमाजीला आठवलं. खरंच हसले होते सगळे. तोही त्यांच्याबरोबर हसला होता.

"मंग टोचून काऊन घेतलं बे?"

"रुखमी म्हणे, पाहा त्याले. सुई उकळून राह्यला. एकडाव उकळली, दुसऱ्यानं उकळली, जिमनीवर पडली तं तिसऱ्यानं उकळली. आपली पोरं भुकी, हा पानी उकळून राह्यला. ज्याले सुईचं भेव हाय, तोच सुईले इतकं जपते. याचं बोलनं खोटं हाय पन काम खरं हाय. म्हणून मी दंड पुढं केला." जंगलूने बशीत चहा ओतला. "आता भेव वाटते तं वाटू दे. मले का सांगतं?"

डोमाजी काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून पांढऱ्या साडीतल्या मंदाबाई सिस्टर बाहेर आल्या. हाताची छत्री कपाळावर धरून त्यांनी रस्त्यावर ओरडून विचारलं, "दहा नंबर कोण आहे? दहा नंबर! शिशी दहा जणांची आहे, विरघळवून झाली. तासाभरात नाही दिली तर राहिलेला डोस फेकावा लागेल मला!"

फेकावा लागेल!

हा शब्द डोमाजीने ऐकला आणि त्याचे पाय आपोआप उभे राहिले. नोकरीत त्याने सगळं केलं, खोटं बोलला, गोष्टी रचल्या, पण फोडलेल्या कुपीतला थेंब कधी वाया जाऊ दिला नाही. एकदा शेवटच्या डोसाचा माणूस पळून मोहाच्या झाडावर चढून बसला, तर डोमाजी पेटी गळ्यात अडकवून मागोमाग चढला. फांदीवर बसून त्याने त्याला पंधरा टोचे मारले. मोडलेली फांदी त्या दोघांना घेऊन इतक्या हळू खाली आली, की जमिनीवर टेकेपर्यंत पंधरावा टोचाही मारून झाला होता, असं तो शपथेवर सांगतो.

"आलो बाई, आलो!" असं ओरडत तो रस्ता ओलांडून निघाला. एका ऑटोवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो त्याला ऐकूही गेला नाही.

आत खुर्चीवर बसला तेव्हा मात्र काजवे आले. दंड उघडा झाला. डोमाजीने भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग डोळे कुठे ठेवावेत ते न कळून सिस्टरच्या हातांकडे पाहिलं. मंदाबाईंनी नवी सिरिंज सोडवली. रबराचं बूच कापसाने पुसलं. शिशी तिरपी धरून शेवटचा भाग घाई न करता ओढून घेतला, हवेचा बुडबुडा टिचकीने वर काढला. डोमाजी श्वास रोखून पाहत होता, पण भीतीने नव्हे. हात चांगला होता तिचा.

"झालं," मंदाबाई म्हणाल्या.

"कवा?"

"आत्ता. कापूस धरा. बाहेर अर्धा तास बसा, गरगरलं तर आवाज द्या. ताप आला तर घाबरू नका, दोन दिवसांत जातो. आणि तिकडे गेल्यावर मच्छरदाणीशिवाय झोपू नका."

जंगलू दारातून पुढे झाला. "बाई, त्याच्यात काही उरलं काय? असन तं मलेबी देऊन टाका."

"तुम्ही कुठल्या देशाला निघालात?"

"पिपरी मेघे."

"तिथे पिवळा ताप नाही, बाबा."

"मले मालूम हाय. पन याले एकट्याले टोचलं तं हा देवळीभर सांगन का जंगलू भेला."

मंदाबाईंनी रिकामी शिशी उलटी करून दाखवली. जंगलूने ती निरखून पाहिली, मान हलवली आणि नाराजीने बाहेर आला.

दोघे व्हरांड्यातल्या बाकावर बसले. डोमाजीच्या मांडीवर पिवळं कार्ड होतं, त्यावर दहा दिवसांनंतरची तारीख. त्याने ते दोनदा वाचलं. आनंदाबाई असती तर तिने आज विहिरीवर थांबवलं नसतं, घरात घेतलं असतं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढी हसली असती. त्याने कापूस दंडावर दाबून धरला.

"दुखते काय?" जंगलूने विचारलं.

"जरासं." डोमाजीने कार्ड खिशात ठेवलं. मग म्हणाला, "रुखमी तवा जे म्हणे ना, ते गोंडीतच सांग मले. जसंच्या तसं."

जंगलूने जरा आठवलं आणि सांगितलं. लांबलचक होतं. मध्ये एकदा त्याने रुखमीसारखं नाकही मुरडलं.

डोमाजीला त्यातला एकही शब्द कळला नाही.

"वापस सांग," तो म्हणाला.