दुसऱ्याच जोडीतली तार

कल्पना करा बरं, शाळा सुटली आहे आणि तुम्ही मैत्रिणीबरोबर चालत घरी निघाला आहात. रस्त्याच्या एका कडेला डबकी आहेत. येणारी-जाणारी गाडी चिखल उडवते. त्या बाजूने जी चालेल तिचे कपडे खराब. मग तुम्ही काय कराल? दर दहा पावलांनी जागा बदलाल. घरी पोहोचेपर्यंत दोघींवर सारखाच चिखल. फिट्टंफाट, भांडायला जागाच नाही.

टेलिफोनच्या तारा हेच करतात. प्रत्येक घरासाठी दोन तारांची एक जोडी असते आणि त्या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. अशा पुष्कळ जोड्या एकमेकींना चिकटून धावतात, आणि तारांना चहाड्या करायची भारी सवय. एका घरचं थोडंथोडं शेजारच्या तारेत झिरपतंच. पण पीळ असला की ते जोडीतल्या दोघींवर सारखं पडतं. टोकाच्या यंत्राला दोघींमधला फरक तेवढा कळतो. फरक शून्य, म्हणून चहाडी फुकट.

एवढं लक्षात ठेवा आणि आता भिंगरीकडे चला.

भिंगरी अकरा वर्षांची. एका जागी टिकायची नाही म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. आई टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायची. त्या महिन्यात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हिरव्या कपाटात नवं यंत्र बसलं होतं. पीळ असूनही जी कुजबुज उरते, ती कोणाकडून कोणाकडे जाते हे ते यंत्र आधी ऐकून घेई आणि तेवढीच उलटी कुजबुज मुद्दाम पाठवी. पाचातून पाच गेले की शून्य, तसं. सगळ्या गल्लीचं इंटरनेट पळायला लागलं. फक्त भिंगरीच्या इमारतीत, तळमजल्यावर बाइंडरकाकांकडे, ते होतं त्याहून बिघडलं.

काका पुस्तकांची बांधणी करायचे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दूरच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या बहिणीलाही नाही. कुठल्याशा जुन्या भांडणावरून दोघांनी आठ वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी बहिणीनेच पहिला व्हिडिओ फोन केला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला काका खळीच्या डब्याला फोन टेकवून बसत आणि दोघांचे हात बोलू लागत. भिंगरी तिथेच पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवत बसायची. त्यांच्या घरच्या खुणा तिला बऱ्याच कळायला लागल्या होत्या.

गेल्या आठवड्यापासून चित्र अडकायला लागलं. मंगळवारी काकांनी बहिणीला विचारलं, मी तिकडे येऊ का? बहिणीने तळहात उभा केला, आणि चित्र थिजलं.

आता त्या दोघांच्या खुणांत उभा तळहात म्हणजे "बस, नको". तोच तळहात उभा करून बोटं आपल्याकडे वळवली, तर "ये". चित्र अडकलं ते नेमकं दोन्हींच्या मध्ये. भिंगरीला वाटलं, बोटं वाकायला लागली होती. काकांना तसं दिसलं नसावं. ते त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोन बंद केला आणि खणात टाकला. बुधवारी सहाला ते पाठ फिरवून पानं शिवत होते. गुरुवारीही.

भिंगरीच्या हातातली चिठ्ठी वाकडी चिकटली. कारण हे सगळं कुठून सुरू झालं असावं, याचा तिला संशय होता.

जिन्याखाली सायकल ठेवायची नाही, असं आईने दहादा बजावलं होतं. तिथे तारांची पेटी होती. गेल्या आठवड्यात भिंगरीने ठेवलीच, आणि हँडलमध्ये अडकून भिंगरीच्याच घरची एक तार तुटली. उरलेला तुकडा पेटीतल्या ज्या खिळ्याला जोडायचा, तिथपर्यंत पोहोचेना. पण त्यांच्या घरी जाणाऱ्या केबलमध्ये चार तारा होत्या, दोन जोड्या, आणि दुसरी जोडी रिकामीच होती. आईला पाहून-पाहून भिंगरीला पुष्कळ येत होतं. तिने रिकाम्या जोडीतली एक तार घेतली, खाली जोडली, वर जाऊनही जोडली. इंटरनेट चालू. आईला पत्ता नाही. त्या दिवशी तर ती स्वतःवर खूश होती.

गुरुवारी जेवताना आईचा चेहरा उतरलेला होता. पेटीतल्या सगळ्या लाइनी तिने मीटर लावून तपासल्या होत्या. मीटर म्हणत होतं, सगळं ठीक. तारा इतक्या जुन्या की सगळ्यांचा रंग एकच, मातकट. बघून काही कळेना. तेव्हा चूक गल्लीतल्या सगळ्या तारा जिथे एकत्र जोडल्या आहेत त्या मोठ्या सांध्यातच असणार, आणि तो सांधा आईने स्वतः बांधला होता. उद्या तो सगळा उघडायचा, असं ती म्हणाली. माझ्याच हातून कुठेतरी पीळ जास्त उकलला, असंही म्हणाली.

भिंगरीने हातातला घास परत ताटात ठेवला. तिने हळूच विचारलं, मीटरला चूक कळली कशी नाही?

"मीटरला तार जोडलेली आहे की नाही एवढंच कळतं, बाळा. तिच्याशी पिळलेली कोण आहे, ते कळत नाही. एक तार या जोडीतली, एक त्या जोडीतली घेतली, तरी ते ठीकच म्हणणार. पण मग दोघींवर सारखं पडत नाही ना! ती जोडी शेजाऱ्यांच्या कानाशी ओरडत सुटते."

"आई, तू सांधा उघडू नकोस," भिंगरी म्हणाली. "ती जोडी आपलीच आहे."

मग सायकलपासून सगळं सांगून झालं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती ताटावरून उठली, हात धुतला आणि बॅटरी घेऊन जिना उतरली. भिंगरी मागोमाग. आईने डोळे मिटून तारांवरून बोटं फिरवली, पीळ चाचपडत खाली आली आणि भिंगरीच्या तारेशी थांबली.

"गावभर फिरले मी," ती म्हणाली. "आणि दिव्याखालीच अंधार."

तुटलेल्या तारेला तुकडा जोडून तिने जोडी पुन्हा पिळली. वर घरातही जाऊन बदललं. पंधरा मिनिटांचं काम. भिंगरीला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. काका आता फोन उघडणारच नाहीत, असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

आईने वहीचं पान फाडून लिहिलं, "लाइनीत बिघाड होता, आता दुरुस्त केली आहे. बहिणीला फोन करा." ते तिच्या हाती दिलं. बिघाड कोणी केला ते त्यात नव्हतं.

"लाइन मी नीट केली," आई म्हणाली. "पुढचं माझ्या मीटरवर दिसत नाही."

भिंगरी काकांच्या दारापाशी गेली आणि बटण दाबलं. काकांकडे घंटेऐवजी दिवा लागायचा. दार उघडलं. काकांच्या बोटांना खळ होती. त्यांनी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि घ्यायला हात पुढे केला.

भिंगरीने कागद मुठीत चुरगळला. आधी बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं, मग जिन्याखालच्या पेटीकडे दाखवलं, आणि दोन्ही हातांनी तार तोडल्याची खूण केली. मग तिने तळहात उभा धरला. काका त्याच्याकडे बघेपर्यंत थांबली, आणि सावकाश, एकेक करून, बोटं आपल्याकडे वळवली.