आठ ठिपके

तारेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली आणि त्यातली तीस तरी स्वतःची पाठ थोपटण्यात घालवली. माझा लौकिकच तसा होता. पलीकडचा तारवाला शब्द अर्धा वाजवतो न वाजवतो, तोच माझ्या कागदावर अख्खा उतरलेला असायचा. 'आई अत्य' एवढं ऐकलं की 'अत्यवस्थ, ताबडतोब निघा' असं मी लिहून मोकळा. सहसा चुकायचो नाही. लोक तारेत नवीन काही सांगत नाहीत हो. जन्म, मरण, निघालो, पोचलो.

ऑफिस बंद पडलं, मी घरी बसलो आणि ही विद्या आता माझ्याबरोबरच जाणार असं धरून चाललो. तेवढ्यात भाचीने ती माझ्याकडून हिसकावून घेतली.

भाचीला घरात सगळे बाईसाहेब म्हणतात. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत, जीभ तर मुळीच नाही. हुकमत चालते ती फक्त मानेवर, आणि तेवढ्या मानेवर ती अख्खं घर नाचवते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, अक्षरांचा तक्ता समोर धरून एकेका अक्षरावर बोट ठेवायची आणि ही मानेने हो-नाही सांगायची. एका वाक्याला अर्धा तास! मला बघवेना. शेवटी मी तिच्या चाकांच्या खुर्चीला डोक्यामागे एक बटण बसवलं आणि त्याला बझर जोडला. मान टेकवून लगेच उचलली की ठिपका, जरा दाबून धरली की रेघ; तारेची अख्खी लिपी या दोघांवरच चालते. हे सगळं हल्ली संगणकावरही होतं म्हणे, पण आम्हाला ते कोण सांगणार?

शिकवताना मी तिला भरपूर छळलं. नवशिके सगळे ठिपके मोजत बसतात, तशी तीही बसायची. "मोजू नकोस, ऐक!" मी ओरडायचो. "तुला हाक मारली की तू नावातली अक्षरं मोजतेस का?" ती माझ्याकडे असं बघायची की मी उगाच बझरच्या तारा तपासत बसायचो. चार महिन्यांत ती आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा स्वच्छ वाजवायला लागली. मान भरून यायची, पण दोन अक्षरांमधली जागा तिने कधी खाल्ली नाही. इतका साफ हात मी आयुष्यात दोघातिघांचाच पाहिला, आणि त्यांचे हात त्यांचं ऐकत होते.

तिला कॉलेजात गणित शिकायचं होतं. गुण भरपूर होते, पण परीक्षेत लेखनिक म्हणून बसली होती तिची आई, आणि तिथेच प्राचार्य अडले. माणूस वाईट नव्हता, संशयी होता. "उत्तरं तिचीच आहेत हे मी कशावरून समजायचं?" ते मला म्हणाले. शेवटी त्यांनीच तोड काढली. बहिणीला बाहेर बसवलं. मला भिंतीकडे तोंड करून टेबल दिलं. प्रश्न कागदावर लिहून फक्त बाईसाहेबांना दाखवायचा आणि बझरवर ऐकू येईल ते मी लिहायचं. आज जमलं तर प्रवेश, नाहीतर सरळ घर.

पहिला प्रश्न गणिताचा होता. आकड्यांचा अंदाज कोण बांधणार? मी निमूट लिहिलं. "उत्तर बरोबर आहे," प्राचार्य म्हणाले, आणि उठून माझ्यासमोरची काचेची तसबीर खाली काढून ठेवली. न जाणो, मला तिच्यात प्रश्न दिसत असेल!

दुसरा प्रश्न तिच्यापुढे गेला. बझर वाजू लागला. 'माझी सगळ्यात मोठी अडचण म्हणजे'... पुढे काय येणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी 'माझं शरीर' लिहिलं, पूर्णविराम ठोकला आणि पेन खाली ठेवलं.

पाठीमागे बझर क्षणभर थांबला आणि मग सलग आठ ठिपके वाजले. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच, चुकलं, खोडा. ते पाठवणाऱ्याने स्वतःच्या चुकीसाठी वाजवायचे असतात. बाईसाहेबांनी मी पेन आधीच खाली ठेवलेलं बघून ते माझ्यासाठी वाजवले.

"काय झालं?" प्राचार्यांनी विचारलं.

पोरीच्या वर्षावर मी माझ्या हाताने बोळा फिरवला होता. "चूक माझी आहे," मी भिंतीलाच सांगितलं. "तिने सांगायच्या आधीच मी लिहून टाकलं."

"मग खोडा, आणि ती सांगते ते लिहा."

मी खोडलं. या वेळी एकेक अक्षर पुरतं वाजू दिलं. वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, आणि तोवर माझे कान लाल झाले होते. 'माझी सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मी बोलून संपवायच्या आत लोक माझं वाक्य संपवतात.'

प्राचार्यांनी कागद हातात घेतला. खोडलेली ओळ वाचली, खालची वाचली, पुन्हा खोडलेली वाचली. मग मला वळून बसायला सांगितलं आणि स्वतःची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. सकाळपासून ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते.

"प्रवेश दिला," ते म्हणाले. "सांगतंय कोण आणि लिहितंय कोण ते कळलं मला. पण वर्गात तुझं बोलणं समजणार कोणाला? हे शिकायला लागतात तरी किती दिवस?"

मला तिचा अभिमान वाटला, पण बझर वाजू लागला होता आणि आता मला मोठ्याने वाचायचं होतं. मी एकेक शब्द संपू देत वाचू लागलो.

"मला... चार... महिने... लागले. तुम्हाला... सहा... लागतील."

प्राचार्य खो खो हसले. बझर चालूच होता.

"मामा..."

पुढचे चार-पाच शेवट माझ्या डोक्यात तयार होते. मामा शिकवेल, मामा रोज येईल, मामा बडबड फार करतो. मी जीभ चावून धरली.

"तोवर... आहे."

आणखी काही येईल म्हणून मी थांबलो. तिचं सांगून झालं होतं.